मुखपृष्ठ : सजावट नव्हे, वाचन

मराठी बालपुस्तकाचे श्रेयनामेचे पान उघडून पाहावे. लेखकाचे नाव, प्रकाशकाचे नाव, मुद्रकाचे नाव आणि त्यानंतर, जागा उरली तर, एक ओळ : 'मुखपृष्ठ व सजावट'. या ओळीतील 'सजावट' हा शब्द निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः त्यात एक संपूर्ण साहित्यसिद्धान्त दडलेला आहे. संहिता ही स्वयंपूर्ण असते, अर्थ तिच्यात आधीच भरलेला असतो, चित्र हे त्या अर्थावर बाहेरून चढवलेले आभूषण असते, आणि म्हणून समीक्षकाने त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असा हा सिद्धान्त आहे. तो कोणी मांडला नाही, म्हणून कोणी खोडूनही काढला नाही. आपल्या बालसाहित्यविषयक परीक्षणांत चित्रकाराचे नाव आले तर शेवटच्या परिच्छेदात येते. 'चित्रे आकर्षक आहेत' एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. हा सिद्धान्त चुकीचा आहे आणि त्याचे दुष्परिणाम आता चित्रकलेच्या वर्गापर्यंत पोहोचले आहेत, असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे आहे.

निमित्त लहान आहे. उपयोजित कलेच्या एका संस्थेत बोधचित्रकलेचा अभ्यास करणारी मालवणकडील एक विद्यार्थिनी काही दिवसांपूर्वी भेटावयास आली. कोकणातील लेखकांच्या तीन बालपुस्तकांसाठी मुखपृष्ठे करावीत, त्यांची 'प्रेरणा' स्थानिक लोककलेतून घ्यावी, असा तिचा प्रकल्प होता. तिची वही भरलेली होती. पिंगुळीच्या चित्रकथी पानांवरील योद्धे, सावंतवाडीच्या गंजिफांतील मत्स्य आणि कूर्म, दशावतारातील संकासुराचा काळा वेष, रापणीची होडी, सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट, चिऱ्याच्या भिंती. रेषा समर्थ होती, नजर सावध होती. पुस्तकांविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "पुस्तकं अजून वाचायची आहेत, सर. त्यांचा सारांश दिलाय."

या उत्तरात तिचा दोष नाही. साहित्यसमीक्षेने जे शिकवले तेच ती करीत होती. मुखपृष्ठ ही जर सजावट असेल, तर सजवणाऱ्याने दागिने कोठून आणावेत एवढाच प्रश्न उरतो. आणि दागिने पिंगुळीत मिळतात.

१

प्रथम 'प्रेरणा' या शब्दाविषयी. कलाशिक्षणात आज हा शब्द जेवढ्या सैलपणे वापरला जातो तेवढा क्वचितच दुसरा कोणता वापरला जात असेल. आपल्या काव्यशास्त्राने काव्याची कारणे सांगताना अधिक काटेकोरपणा दाखवला आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून एकच हेतू मानला. यांतील निपुणता लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनातून येते, आणि अभ्यास जाणत्यांच्या मार्गदर्शनाखाली होतो. या मांडणीत प्रवासाला जाऊन गोळा करून आणावयाची 'प्रेरणा' नावाची वस्तू नाही. आहे ती दीर्घकाळची संगत. विद्यार्थिनीच्या वहीत आकृत्यांची निवड होती. संगत नव्हती, कारण प्रकल्पाला मुदत होती.

प्रेरणा म्हणून जे घेतले जाते ते प्रत्यक्षात आकृतिबंधाचे उचलणे असते. असे उचलणे कोठे पोहोचते याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. वारली चित्र हे मुळात लग्नाच्या चौकाचे चित्र. त्यात पालघट देवी असे, ते सवाशिणी रेखाटीत, आणि त्या विधीबाहेर त्याला स्वतंत्र प्रयोजन नव्हते. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ते विधीतून बाहेर काढले, कागदावर आणले आणि त्याला स्वतःचे असे कथन दिले. ते एका कलावंताचे कृत्य होते. त्यानंतर जे झाले ते मात्र कोणाचेच कृत्य नाही : त्रिकोणांची माणसे चहाच्या पेल्यांवर, साड्यांवर, कुंपणांच्या भिंतींवर आणि अर्थातच बालपुस्तकांवर आली. आज ती कशाचीही असू शकतात, म्हणून कशाचीच नाहीत. चिन्हाचा वापर वाढत जातो आणि त्याची अर्थवत्ता घटत जाते, हे चिन्हमीमांसेतील विधान शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पिंगुळीच्या रेषेचे असे व्हावयास अद्याप अवकाश आहे; म्हणूनच वाद आता घालणे आवश्यक आहे.

२

चित्रकथी म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाकडे ही परंपरा आहे. सुट्या पानांची पोथी असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी पान प्रेक्षकांसमोर उभे धरतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील व पुराणांतील आख्याने गाऊन सांगतो. एक प्रसंग संपला की पान फिरते. या कलेला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, आणि नवरात्रात देवळांतून ती सादर होई. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त आढळतो. म्हणजे या प्रकारची कला दक्षिणेत जुनी आहे.

या चित्रांची एक गंमत अशी, की दीर्घकाळ संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी त्यांना 'पैठणची चित्रे' म्हटले. पोथ्या वेगळ्या काढल्या गेल्या, त्यांना गावाचे नाव मिळाले, आणि ती पाने हातात धरून गाणारी माणसे मात्र त्या नावातून वगळली गेली. १९७०च्या दशकापासून अभ्यासकांचे लक्ष पिंगुळीकडे वळले. १९७७ साली मणी कौल यांनी 'चित्रकथी' हा माहितीपट केला. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले, आणि २०२१ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. संग्रहालयांनी चित्र कथनापासून वेगळे केले होते. गंगावणे कुटुंबाने ते पुन्हा जोडले. मुखपृष्ठावर चित्रकथी आकृती कापून लावणारा चित्रकार त्यांनी जोडलेले पुन्हा तोडतो, हा माझा पहिला आक्षेप आहे.

हा आक्षेप भावनिक नाही, रूपबंधाविषयीचा आहे. चित्रकथी पान नीट पाहावे. आकृत्या बहुधा एका अंगाने दिसतात, डोळे मोठे असतात, पार्श्वभूमी जवळजवळ नसते. राम रागावला असो वा शोकात असो, त्याची मुद्रा फारशी बदलत नाही. कलासमीक्षक याला 'संकेतबद्धता' म्हणून मोकळे होतात. पण हा संकेत का टिकला? कारण भाव देण्याचे काम आवाजाकडे आहे. पान जितका वेळ समोर उभे असते तितका वेळ कथा पुढे जात असते. चेहऱ्यावर एकच भाव ठामपणे कोरला, तर पुढच्या ओवीला तो खोटा ठरेल. मुद्रेची ही अलिप्तता म्हणजे कौशल्याचा अभाव नव्हे. कथनासाठी मोकळी ठेवलेली ती जागा आहे.

लेसिंगने 'लाओकून'मध्ये (१७६६) चित्राला अवकाशाची कला आणि काव्याला काळाची कला मानले, आणि चित्रकाराने एकच अर्थगर्भ क्षण निवडावा असे सांगितले. चित्रकथी पान या विभागणीत बसत नाही. ते क्षण निवडते, पण तो क्षण ताणला जाऊ शकेल असा ठेवते. आवाजाशिवाय त्याच्याकडे पाहिले की ही मोकळी जागा रिकामी दिसते, आणि रिकामेपणालाच मग 'लोककलेचा भाबडेपणा' असे नाव मिळते. मुखपृष्ठावर आली की हीच आकृती गोड आणि निरर्थक दिसू लागते, याचे कारण हे आहे.

३

यावर दोन प्रतिवाद संभवतात.

पहिला असा : कलेत देवाणघेवाण असतेच. जामिनी रॉय यांनी पटुआंकडून घेतले, पिकासोने आफ्रिकी मुखवट्यांकडून घेतले. मग एका विद्यार्थिनीने पिंगुळीतून घेतले तर बिघडले कोठे? उत्तर असे, की घेण्याबद्दल तक्रारच नाही. रॉय यांनी आपली रंगद्रव्ये, आपले चित्रफलक, आपल्या कार्यशाळेची रीतसुद्धा बदलली. घेतलेल्या गोष्टीने त्यांची सारी चित्रपद्धती ढवळून निघाली. जे घेतल्याने घेणाऱ्यात काहीच बदलत नाही, ते घेणे केवळ वापरणे असते. दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. भज्जू श्याम यांचे 'द लंडन जंगल बुक' २००४ साली प्रसिद्ध झाले. तेथे गोंड रेषा कोणा दुसऱ्याच्या पुस्तकाची सजावट नाही. गोंड कलावंत स्वतः लंडन पाहतो आणि आपल्या रेषेने त्याचा अर्थ लावतो. त्याचे नाव कर्ता म्हणून येते. पिंगुळीच्या ठाकर कलावंताचे नाव मराठी बालपुस्तकावर कर्ता म्हणून येण्याची शक्यता आपण विचारात तरी घेतली आहे काय? लेखनहक्काचा कायदा विशिष्ट कृतीला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. तेव्हा ही बाब न्यायालयाची नाही. ती संपादकाच्या आणि समीक्षकाच्या सदसद्विवेकाची आहे.

दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्याच घरातला आहे. १९८०च्या दशकातील देशीयतेच्या चर्चेने मराठी समीक्षेला एक उपयुक्त हत्यार दिले. कृतीचे मूल्य तिच्या भूमीशी असलेल्या नात्यात शोधावे, उसन्या मापांनी तिला मोजू नये, हा आग्रह योग्यच होता. पण या विचाराचे एक सुलभ रूप तयार झाले आहे, आणि ते मुखपृष्ठांच्या बाबतीत विशेष बोकाळले आहे : लेखक कोकणातला, म्हणून मुखपृष्ठावर माड, पुस्तक मुलांचे, म्हणून माडाला डोळे. भूमी म्हणजे देखावा, असे हे समीकरण आहे.

त्याची परीक्षा एका उदाहरणाने करू. विंदा करंदीकर १९१८ साली आजच्या देवगड तालुक्यातील धालवली येथे जन्मले. 'एटू लोकांचा देश' हा त्यांचा बालकवितासंग्रह १९६३चा. सिंधुदुर्गचा सुपुत्र म्हणून या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर देवगडचा किनारा काढावा काय? तसे केले तर ती स्थानिक अस्मितेची सोय होईल. पुस्तकाचे मात्र ते चुकीचे वाचन ठरेल. एटूंचा देश नकाशावर नाही. तो भाषेतल्या आणि तर्कातल्या उलथापालथीत आहे, आणि त्या पुस्तकाचा आनंदच असा की आपल्या परिचयाचे नियम तेथे गैरहजर आहेत. कवीच्या जन्मगावाशी असलेले त्याचे नाते असलेच, तर ते बोलण्याच्या ढंगात, वाकड्यात शिरून सरळ बोलण्याच्या दक्षिण कोकणी खोडीत शोधावे लागेल. ते माडात सापडणार नाही. याउलट 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' (१९८१) घेतले, तर ज्या मुलाच्या गावात देवचार आणि राखणदार यांच्याविषयी आजही बोलले जाते त्याचे वाचन आणि पुण्यामुंबईच्या मुलाचे वाचन एकच असणार नाही. तेव्हा एकाच कवीच्या दोन पुस्तकांना भूमीचा प्रश्न दोन वेगळ्या रीतींनी पडतो. हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि सारांशातून तर मुळीच कळत नाही.

४

आता मुख्य मुद्द्याकडे. जेरार जनेत याने १९८७ साली पुस्तकाच्या परिघावरील मजकुराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, वेष्टन यांना त्याने 'उंबरठे' म्हटले; वाचक यांवरून संहितेत प्रवेश करतो. आपल्याकडे हा ग्रंथ पुष्कळांनी उद्धृत केला. पण त्याच ग्रंथाच्या शेवटी, आपण काही गोष्टी बाजूला ठेवल्या, असे जनेत कबूल करतो, आणि त्यांत चित्रे आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्या ठिकाणी पाश्चात्त्य सिद्धान्ताने हात आखडता घेतला त्या ठिकाणी आपल्याला काही सांगण्यासारखे असू शकते. ते सांगण्यासाठी पिंगुळीकडे जावे. आकृत्या आणण्यासाठी नव्हे.

बालपुस्तक प्रत्यक्षात कसे वाचले जाते ते पाहू. समीक्षेतला वाचक एकटा असतो आणि पुस्तक स्वतःकडे उघडून धरतो. पण न वाचता येणाऱ्या किंवा नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाच्या बाबतीत वाचणारा दुसराच असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील बाई पुस्तक हातात धरून उभ्या राहतात. मजकूर त्यांच्याकडे असतो, मुखपृष्ठ मुलांकडे. मधूनमधून त्या पुस्तक उलटे करून आतील एखादे चित्र दाखवतात. एरवी गोष्ट संपेपर्यंत वर्गासमोर असते ते मुखपृष्ठच. आवाज पुढे सरकत असतो आणि चित्र स्थिर असते.

ही चित्रकथीचीच मांडणी आहे. कथेकरी पानामागे बसतो, बाई पुस्तकामागे उभ्या राहतात. तेव्हा बालपुस्तकाचे मुखपृष्ठ हा केवळ उंबरठा नाही. उंबरठा ओलांडला की मागे पडतो. हे मात्र सबंध कथनभर डोळ्यांसमोर राहते, आणि कथा पुढे जाईल तसतसा त्याचा अर्थ बदलत जातो. पहिल्या पानाला जो मुलगा हसतमुख वाटला तो चौथ्या पानाला लबाड वाटतो आणि शेवटी एकाकी. हे घडू देण्याची क्षमता ज्या चित्रात आहे ते मुखपृष्ठ चांगले. ज्या चित्राने दात काढून हसणारा एकच भाव मुलांवर लादला, ते दुसऱ्याच पानाला थकते. वाल्टर बेन्यामिन याने १९२६ साली मुलांच्या पुस्तकांविषयी लिहिताना म्हटले होते, की चित्रातील वस्तू मुलाकडे येत नाहीत, मूल पाहता पाहता त्यांच्यात शिरते. शिरावयाचे तर जागा लागते. पिंगुळीच्या पानावर ती जागा आहे. आपल्या बहुतेक मुखपृष्ठांवर नाही.

विद्यार्थिनीने तेथून घ्यावयाचे ते हे. मोठे डोळे नव्हेत, मातकट तांबडा रंगही नव्हे. चित्राने आवाजाला किती जागा सोडावी याचा हिशेब. तो हिशेब एकदा हाती आला, तर मुखपृष्ठावर चित्रकथी शैलीची एकही रेषा नसली तरी ते पिंगुळीचे ऋणी असेल. आणि तो हाती नसेल, तर पानच्या पान जसेच्या तसे छापूनही पिंगुळी त्यात नसेल.

५

येथे कोणी म्हणेल, की हा भार चित्रकारावर का? तो भार चित्रकार आजवर वाहतच आला आहे. आपण तो पाहिला नाही एवढेच. मडगावच्या दीनानाथ दलालांनी (१९१६-१९७१) दोन पिढ्यांना पुस्तकाचा चेहरा कसा असतो हे दाखवले, पण त्यांच्या मुखपृष्ठांनी त्या त्या कादंबऱ्यांचे काय वाचन केले, याची चर्चा वाङ्मयेतिहासात सापडत नाही. वसंत सरवटे यांच्यासाठी 'रेषालेखक' हा शब्द वापरला गेला. हा शब्द विनोदाने घेतला गेला. तो सैद्धान्तिक दावा म्हणून घ्यावयास हवा होता. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत लिहिणारा आणि रेखाटणारा हात एकच आहे, आणि तेथे 'सजावट' हा शब्द लावताच येत नाही. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांच्या चित्रांनी केलेल्या कथनाचे विवेचन किती परीक्षणांनी केले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

तेव्हा मागण्या तीन आहेत. बालपुस्तकाच्या परीक्षणात मुखपृष्ठाचे वाचन हे मजकुराच्या वाचनाइतकेच अनिवार्य मानावे. ज्या परीक्षकाला ते जमत नाही त्याने बालपुस्तकाचे परीक्षण करू नये. 'सजावट' हा शब्द श्रेयनाम्यातून जावा, आणि जेथे एखाद्या समाजाची चित्रपरंपरा वापरली आहे तेथे तिचे आणि शिकवणाऱ्या कलावंताचे नाव छापावे. शक्य तेथे कामच त्या कलावंताला द्यावे. आणि कलाशिक्षणात सारांशावरून मुखपृष्ठ करण्याचा पाठ बंद व्हावा. पुस्तक वाचावे, मग कोणाकडून तरी ते मोठ्याने वाचून घ्यावे, आणि ऐकताना रेखाटावे.

ती विद्यार्थिनी पुन्हा आली. तिने पहिले पुस्तक घरी आजीकडून वाचून घेतले होते. आजीने मालवणीत मधेमधे आपली भर घातली, त्यामुळे एका बैठकीचे काम तीन संध्याकाळी चालले. नव्या रेखाटनात योद्धे नव्हते, माड नव्हता. पाठमोरे एक मूल होते आणि पुष्कळशी कोरी जागा. "मूल कोणाकडे पाहतंय?" असे मी विचारले. ती म्हणाली, "ते गोष्ट सांगणाऱ्यावर आहे."

हे मुखपृष्ठ मंजूर होईल याची खात्री नाही. त्यात 'कोकण दिसत नाही', असे कोणी तरी म्हणेलच. त्या आक्षेपाला उत्तर देण्याची जबाबदारी मात्र तिची नाही. ती समीक्षेची आहे, आणि ती बरीच थकलेली आहे.